ओली भिंत आणि चार कोटेशनं: मुलुंडमधल्या एका घराने सुतार कसा निवडला

पार्श्वभूमी

मुलुंड पूर्वेला एका चार मजली, बिनलिफ्टच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असं हे घर आहे. तिथे निवृत्त काका आणि काकू राहतात. मुलगा आणि सून खाडीपलीकडे ऐरोलीत भाड्याने राहत होते. त्यांचा अकरा महिन्यांचा करार ऑक्टोबरअखेर संपत होता. वाढीव भाड्याने नवा करार करण्यापेक्षा मुलुंडला एकत्र राहायचं चौघांनी मिळून ठरवलं. त्यासाठी आतली खोली लावून घ्यायची होती: सहा फूट रुंद आणि सात फूट उंच कपाट, एक पलंग, स्वयंपाकघरात ओट्याखाली ट्रॉल्या, आणि पावसाळ्यात घासणारं खोलीचं दार.

इमारत-दुरुस्तीच्या कामांवर देखरेख करणं हा माझा व्यवसाय. कुटुंबाने मला कोटेशनं वाचायला आणि काम चालू असताना अधूनमधून नजर टाकायला बोलावलं होतं. ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत. रकमा त्या घरातल्या व्यवहाराच्या आहेत, त्यांना बाजारभाव समजू नये.

अडचण

घरच्यांच्या मते प्रश्न सरळ होता. जुनं कपाट खराब झालंय, नवं करायचं, त्यासाठी चांगला सुतार हवा.

जुनं कपाट पश्चिमेच्या भिंतीला लागून होतं. मुंबईत जून ते सप्टेंबरात सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो वाऱ्याबरोबर बहुतांश पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून झोडपतो. या भिंतीवरचा रंग जागोजागी फुगला होता, खाली पोपडे पडले होते. घरच्यांना ते वर्षानुवर्षं दिसत होतं, पण ते 'रंगाचं काम' म्हणून वेगळ्या कप्प्यात होतं. कपाट आणि भिंत यांचा संबंध जुलैपर्यंत कोणी जोडला नव्हता.

दुसरी अडचण वेळेची. करार संपायला तीन-साडेतीन महिने होते, मध्ये गणपती, नवरात्र आणि दिवाळी. मुंबईत काम करणारा सुतार कोकणातला असेल तर गणपतीला गावी जातो, उत्तर प्रदेश-बिहारकडचा असेल तर दिवाळी-छठला. वेळापत्रक लिहिताना हे दोन्ही गृहीत धरावं लागतं. जो सुतार आपण होऊन गावाला जायच्या तारखा सांगतो त्याच्याबद्दल माझं मत तिथेच चांगलं होतं.

पर्याय

चौघांना बोलावलं. पहिलं ठाण्यातलं एक शोरूम, कारखान्यात बनवून घरी जोडून देणारं. त्यांचा माणूस लेझरने मापं घेऊन गेला आणि दोन दिवसांत खोलीचं रंगीत चित्र आलं. कडा यंत्रावर चिकटवलेल्या, फिनिश देखणा, मुदत पंचेचाळीस दिवस, एकूण ₹२,९०,०००. कोटेशनच्या तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात कपाटाचा सांगाडा पार्टिकल बोर्डचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डचा, असल्याचं लिहिलं होतं. कोरड्या खोलीत हा बोर्ड ठीक चालतो. पाणी लागलं की तो फुगतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही, स्क्रू एकदा सैल झाला की त्याच भोकात परत पकड घेत नाही. ओलीच्या भिंतीला तो लावणं मला पटत नव्हतं.

दुसरा ठेकेदार, मुलाच्या ऑफिसमधल्या सहकाऱ्याने सुचवलेला. त्याने दारातूनच खोली पाहिली आणि म्हणाला, "हो जाएगा मॅडम, पंद्रह दिन।" मालासकट ₹१,५५० फूट (म्हणजे चौरस फूट), निम्मी रक्कम आगाऊ, आणि प्लायच्या नावापुढे 'किंवा समकक्ष' असे दोन शब्द. हे दोन शब्द असले की आधी लिहिलेल्या नावाला काही अर्थ उरत नाही.

तिसरा शेजारच्या इमारतीत काम करणारा गोरखपूरकडचा तरुण मिस्त्री. त्याने भिंतीची रुंदी खाली, मधे आणि वर अशी तीन ठिकाणी मोजली आणि तीन वेगवेगळे आकडे लिहून घेतले. जुन्या इमारतीत भिंती सरळ नसतात हे त्याला माहीत होतं. मजुरी ₹४५० फूट, माल तुमचा. माणूस जाणकार होता. पण हातातलं काम संपताच त्याला लगेच सुरुवात करायची होती, कारण चार जणांची टोळी बसवून ठेवणं त्याला परवडणारं नव्हतं.

चौथा भांडुपला राहणारा, मूळचा सिंधुदुर्गातला साठीच्या आसपासचा सुतार. काकूंचा देव्हारा त्यानेच केलेला. स्वतःची हजेरी ₹१,३००, मदतनिसाची ₹८००. किती दिवस लागतील ते ठाम सांगेना.

त्याने आल्या आल्या टेप काढला नाही. मुलाला हाताशी घेऊन जुनं कपाट भिंतीपासून पुढे ओढलं. मागची पाठ काळी पडली होती, बुरशीचा वास आला. खालच्या फळीवर त्याने अंगठा दाबला तसे प्लायचे पापुद्रे सुटे झाले. मग भिंतीवर तळहात ठेवून काकूंना म्हणाला, "वहिनी, ही भिंत सुकल्याशिवाय मी कपाट करणार नाही. करून देईन, पण दोन पावसांत मागनं असंच होईल, आणि नाव माझं खराब होईल."

काकू म्हणाल्या, "मिस्त्री, दिवाळीच्या आत व्हायला हवं हो."

"मग माझ्याकडनं नाही होणार. भिंत आधी."

चौघांपैकी भिंतीला हात लावणारा हा एकटा. ठेकेदाराला सुनेने ओलीबद्दल विचारलं तेव्हा मागे प्लास्टिकचा कागद मारून देतो असं उत्तर मिळालं. त्या कागदाने कपाट काही काळ वाचेल, पण ओल कागदामागे कोंडून भिंत आणखी खराब होईल.

पलंगाच्या बाबतीतही असाच फरक पडला. घरात काकांच्या वडिलांचा सागवानी पलंग होता. एका बाजूच्या पट्टीला बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा. ठेकेदाराने वाळवी म्हणून तो टाकून द्यायला सांगितला. सुताराने पट्टी उलटी करून दाखवली. वाळवी असती तर मातीच्या नळ्या दिसल्या असत्या. ही लाकूड पोखरणारी कीड होती आणि ती बाहेरच्या फिकट रसकाष्ठातच होती. आतला गडद गाभा ठणठणीत होता. एक पट्टी बदलली आणि कीडनाशक मारलं की पलंग उभा राहणार होता. नव्या पलंगाचा खर्च तिथेच वाचला, आणि काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं ते कुठल्याच कोटेशनमध्ये नव्हतं.

जुनी कामं पाहणं

या टप्प्यावर घरात दोन मतं होती. मुलाला तरुण मिस्त्री हवा होता, वेळ पाळेल म्हणून. काकूंना देव्हाऱ्याचा सुतार. सुनेने वाद मिटवायचा मार्ग काढला आणि तो मी तेव्हापासून इतरांनाही सुचवतो: प्रत्येकाने किमान तीन पावसाळे पाहिलेलं स्वतःचं एक काम दाखवावं.

नव्या फर्निचरच्या फोटोत सगळेच सुतार सारखे दिसतात. फरक नंतर पडतो. तीन फुटांपेक्षा लांब फळीला मधे आधार नसेल तर कपड्यांच्या वजनाने ती खाली वाकते, पुढच्या कडेला लाकडाची जाड पट्टी असेल तर तग धरते. सनमायका सुटायला लागतो तो आधी कोपऱ्यात. झडप बाक धरते तेव्हा वर टेकते आणि खाली उघडी राहते.

ठेकेदाराने फोनवर आणखी फोटो पाठवले. शोरूमने त्यांचा ठाण्यातला नमुना पाहायला बोलावलं. तरुण मिस्त्रीचं मुंबईतलं सर्वात जुनं काम दीड वर्षाचं, चांगलं होतं. सुताराने भांडुपला एका शिक्षिकेच्या घरी नेलं, तिथे त्याने केलेली कपाटं जुनी होती. सुनेने झडपा उघडल्या, खण पूर्ण बाहेर ओढून सोडले, फळ्यांच्या खालच्या बाजूने हात फिरवला. खालची बाजू आणि मागची कड, जिथे कोणी बघत नाही, तिथेही सनमायका होता. शिक्षिकाबाईंनी त्याचा दोषही सांगितला: वेळेचा भरवसा नाही, मधेच दुसऱ्या कामावर जातो. हे वाक्य सगळ्यांनी ऐकलं, आणि पुढे ते खरं ठरलं.

दाराची परीक्षा

शेवटचा निर्णय दारावर झाला. मोठं काम देण्याआधी सुताराला ते घासणारं दार करायला दिलं, ₹१,५०० ठरवून.

तो काय करतो ते मी उभा राहून पाहिलं. रंधा त्याने पिशवीतून काढलाच नाही. दार अर्धं उघडून कडीच्या बाजूने वर उचलून पाहिलं. वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल होते, त्यामुळे दार कडीच्या बाजूला खाली लोंबत होतं. घासण्याचं अर्धं कारण तेच. त्याने स्क्रू काढले, भोकांत फेविकॉल लावलेल्या लाकडी खुंट्या ठोकल्या, त्या वाळल्यावर लांब स्क्रू बसवले. मग एक जाड पोस्टकार्ड चौकट आणि दार यांच्यातून फिरवलं. जिथे अडलं तिथे पेन्सिलीची खूण.

नंतर दार उतरवलं, दोन स्टुलांवर आडवं ठेवलं आणि तळाची कड दाखवली. तिला कधीच रंग लागला नव्हता. खोलीत फरशी पुसताना आणि पावसाच्या दमटपणात तिथून लाकूड पाणी पीत होतं. खुणांपुरताच रंधा मारला, पोस्टकार्ड जेमतेम सरकेल इतकाच. जुलैत भरपूर तासलं तर लाकूड आकसल्यावर जानेवारीत बोटभर फट दिसते. दार रात्रभर पंख्याखाली ठेवलं, दुसऱ्या दिवशी उघडीप मिळाली तेव्हा तासलेल्या कडेला, वर आणि तळाला प्रायमर आणि ऑइल पेंट दिला. जाताना भुसा झाडून नेला.

घासणाऱ्या दारावर रंधा कोणीही मारू शकतो. आधी बिजागरी तपासणं आणि शेवटी न दिसणारी कड बंद करणं, या दोन गोष्टींवरून मला सुतार कळतो.

निर्णय आणि बोली

त्यालाच काम द्यायचं ठरलं, म्हणजे करार संपायच्या आत काम होणार नाही हेही स्वीकारलं. मुलाने घरमालकाशी बोलून एक महिना जास्तीचा मागून घेतला. सोसायटीला पत्र दिलं. बाहेरच्या भिंतीतून येणारी पावसाची गळती ही सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सोसायटीने दुरुस्त करायची असते. दसऱ्यानंतर झुला (टांगता मचाण) लावून बाहेरच्या भेगा भरल्या गेल्या. भिंत सुकली का हे पाहायला आतून प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवला. पहिल्यांदा आत बाष्प धरलं, पुढच्या आठवड्यात नाही. तरीही कपाट भिंतीपासून दोन इंच सोडून उभं करायचं ठरलं.

मोठी चर्चा झाली ती रोजंदारी की उक्तं, म्हणजे पूर्ण कामाची एकच ठरलेली रक्कम, यावर. सुताराला रोजंदारी हवी होती. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं: उक्त्या कामात हात आपोआप पळतो, सांध्यात कसर राहते. घरच्यांना भीती होती की दिवस वाढतील. मी मधला मार्ग सुचवला. ज्याचं माप आणि रचना आधी पक्की आहे ते उक्तं, आणि उघडल्याशिवाय कळत नाही ते रोजाने. त्यानुसार कपाट ₹२२,०००, ट्रॉल्या आणि ओट्याखालच्या झडपा ₹२४,००० उक्तं. पलंगाची दुरुस्ती रोजाने.

सुनेने एका पानावर सगळं लिहिलं. बाहेरची मापं, आतल्या खणांचा नकाशा, प्लायचा प्रकार, झडपेच्या दोन्ही अंगांना सनमायका, सात फुटी झडपेला पाच बिजागऱ्या, राबिट (कामाचा कचरा) कोण उचलणार, सोसायटीच्या वेळा. मजुरीचे चार हप्ते: सुरुवातीला, सांगाडा उभा राहिल्यावर, सनमायका झाल्यावर, आणि शेवटचा सगळं बसवून महिना झाल्यावर. माल घरचे घेणार असल्यामुळे मोठ्या आगाऊ रकमेचा प्रश्न आला नाही. दोघांच्या सह्या झाल्या. जास्तीचं काम निघालं तर काय, ही ओळ त्या पानावर नव्हती. माझ्या वाचनातही ती सुटली.

माल

मुंबईत सुताराने गिऱ्हाईक आणलं की प्लायवाला त्याला कमिशन देतो, ही सर्रास रीत आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण ती बोलली जात नाही. सुनेने सरळ विचारलं. सुताराने सरळ सांगितलं, हो मिळतं. मग असं ठरलं की दुकानदाराने ती रक्कम बिलात सूट म्हणून द्यावी आणि सुताराची मजुरी ₹२,००० वाढवावी. दोघांचाही मान राहिला, आणि सुताराला महाग माल सुचवण्याचं कारण उरलं नाही.

कपाटाला आयएस ३०३ या भारतीय मानकातला पाणी सोसणारा, बीडब्ल्यूआर दर्जाचा प्लाय घेतला. सिंकखालच्या भागाला आयएस ७१० चा मरीन प्लाय, ज्याच्या चाचणीत तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. दुकानात 'मरीन' असं छापलेल्या अनेक शीट असतात, पण छाप्याखाली आयएसआय चिन्ह आणि सीएम/एल क्रमांक आहे का ते बघावं लागतं. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की परवाना कोणाचा ते कळतं. सुनेने दुकानातच उभं राहून ते केलं. एका नावाचा क्रमांक वेगळ्याच कंपनीचा निघाला, ती थप्पी बाजूला ठेवली. सुताराची तपासणी वेगळी: शीट कडेवर उभी करून बोटाच्या पेराने ठोकत जायचं, पोकळी असेल तिथे आवाज बदलतो.

उंच झडपांना त्याने प्लायऐवजी पाइनचा ब्लॉकबोर्ड (आत लाकडी पट्ट्या असलेला बोर्ड) सांगितला, कारण लांब झडपेत तो कमी बाक धरतो.

कटिंग मात्र पाहण्यासारखं होतं. दुकानदाराने अंदाजाने १८ मिमीच्या आठ-नऊ शीट लागतील असं सांगितलं होतं, ८×४ फुटांच्या. सुताराने ७×४ च्या मागितल्या. चार फूट रुंदीचे दोन उभे भाग केले की कपाटाची दोन फूट खोली मिळते आणि सात फूट उंची आहेच. दोन बाजू, मधला पडदा, वरची-खालची फळी, सहा आडव्या फळ्या: असे आठ उभे तुकडे, म्हणजे चार शीट. चार झडपांना दोन ब्लॉकबोर्ड, त्यातून उरलेल्या फूटभर पट्ट्या खणांच्या पुढच्या बाजूला. करवतीच्या पात्यात जाणारी जाडी धरून खोली पावणेचोवीस इंच करायची हेही त्याने दुकानातच कागदावर लिहिलं. सहा शीटमध्ये कपाट बसलं. तिसऱ्या मजल्यावर जिन्याने प्रत्येक शीट चढवण्याची हमाली वेगळी द्यावी लागते, तिथेही फरक पडला.

काम चालू असताना

पहिला आठवडा उत्तम गेला. सांगाडा उभा करण्याआधी सुताराने सुनेला दोन्ही कर्ण टेपने मोजायला लावले. दोन्ही सारखे आले तर चौकोन गुण्यात (काटकोनात) आहे. ही युक्ती त्याने शिकवली आणि तीच पुढे त्याच्यावर उलटली.

दुसऱ्या आठवड्यात तो तीन दिवस आलाच नाही. कुणाच्या तरी घरी वास्तुशांत होती, देव्हारा पुरा करायचा होता. मदतनीस एकटा येत होता आणि त्याने खण बनवले. सुनेने कर्ण मोजले, एका खणात पाच मिमीचा फरक. खण चॅनेलवर (सरकपट्टीवर) अर्ध्यात अडत होता. फोन केल्यावर सुतार संध्याकाळी आला, खण ओढून पाहिला, काही न बोलता दोन खण सोडवले आणि पुन्हा जोडले. वाया गेलेल्या प्लायचे पैसे घरच्यांनी सोडून दिले, मजुरी त्याने मागितली नाही. इथे एक निर्णय झाला: सुतार स्वतः नसेल त्या दिवशी जोडणीचं काम होणार नाही, मदतनिसाने फक्त घासकाम आणि सनमायका कापावा. ही अट पहिल्याच दिवशी घालता आली असती, शिक्षिकाबाईंनी सांगितलेलं होतंच.

अडलेला हिशोब

काम संपत आलं तसं काकांनी सुताराला सांगितलं, "आता आहातच तर माळ्याला झडपा करून टाका, आणि टीव्हीखाली एक लहान युनिट." सुतार हो म्हणाला. दर कोणी काढला नाही, कागदावर काही आलं नाही.

शेवटी सुताराने नऊ दिवसांची दोघांची हजेरी लावली: ₹१८,९००. घरच्यांच्या डोक्यात तरुण मिस्त्रीचा फुटाचा दर होता, चोवीस फुटांचे ₹१०,८००. दोन्ही बाजू आपापल्या हिशोबाने खऱ्या होत्या. काकांना वाटलं सुतार आता अडवतोय. सुताराला वाटलं मुद्दाम केलेल्या कामाची किंमत होत नाहीये. काकूंनी त्या दिवशी चहा केला, पण तो कोणी घेतला नाही.

सुनेच्या वहीत रोज कोण आलं, किती वाजता, काय झालं हे लिहिलेलं होतं. ती वही मधे ठेवून बसलो. नऊपैकी दोन दिवस मदतनीस एकटाच होता. एक दिवस सनमायका घरच्यांनी आणला नाही म्हणून फुकट गेला, त्याची जबाबदारी घरच्यांची. असं एकेक दिवस पाहत ₹१५,००० वर दोघं आले. सुतार उठताना काकांना म्हणाला, "साहेब, आधी विचारलं असतंत तर मी याहून कमी सांगितलं असतं." मला ते खरं वाटतं. आधी ठरवताना माणूस कामाची किंमत सांगतो, मागून ठरवताना अपमानाची भरपाईही मागतो.

निष्पत्ती

नोव्हेंबरच्या शेवटी मुलगा-सून राहायला आले. मजुरी, माल, हमाली, पलंग आणि जास्तीचं काम धरून खर्च ₹१,८३,००० च्या आसपास गेला, शिवाय ऐरोलीचं एका महिन्याचं जास्तीचं भाडं. शोरूमच्या आकड्याशी तुलना करताना सुनेचा वेळही मोजायला हवा. दुकान, वही, कर्ण, फोन हे सगळं तिने नोकरी सांभाळून केलं. ज्या घरात असं कोणी नाही तिथे जास्त पैसे देऊन तयार काम घेणं हा समजूतदार पर्याय असू शकतो, फक्त सांगाडा कशाचा आहे ते वाचून.

पुढच्या पावसाळ्यात मी पुन्हा पाहिलं. भिंत कोरडी, कपाटाची पाठ कोरडी, दार न घासता लागतं. मोठ्या झडपा सरळ आहेत. माळ्याच्या झडपा मात्र बाक धरून बसल्या आहेत, एक तर चांगली अर्धा इंच. त्या उरलेल्या प्लायच्या केल्या होत्या, बाहेरून सनमायका आणि आतून नुसता रंग. एका अंगाला सनमायका असला की दमट हवेत दोन्ही बाजू सारख्या ओल घेत नाहीत आणि फळी वाकते. कपाटाच्या झडपांना दोन्ही अंगांना सनमायका ही ओळ कागदावर होती. माळ्याचं काम कागदावर आलंच नाही, म्हणून त्याला ना दर होता ना तो नियम.

काय वेगळं करता आलं असतं

सोसायटीला पत्र ऑगस्टमध्ये गेलं. जूनच्या पहिल्या पावसात, ओल ताजी दिसत असताना फोटोसह गेलं असतं तर झुला लावायचा ठराव सभेत आधी आला असता आणि जास्तीचं भाडं कदाचित वाचलं असतं. पाऊस थांबल्याशिवाय बाहेरचं काम झालं नसतं हे खरं, पण कंत्राटदार ठरवण्यात दसरा उजाडला.

तरुण मिस्त्रीवर थोडा अन्याय झाला असं मला अजूनही वाटतं. तीन ठिकाणी भिंत मोजणाऱ्या माणसाला त्याच्या कामाची परीक्षा द्यायची संधी मिळाली नाही. सिंकखालची एक झडप त्याला दिली असती तर तुलना बरोबरीची झाली असती, आणि भिंत सुकल्यावर तो मोकळा असता तर कदाचित काम लवकर झालं असतं. छोटं काम दोघांना द्यायला दोन-तीन हजार जास्त लागतात, दोन लाखांच्या कामात ते जड नाहीत.

जास्तीच्या कामासाठी पानावर एवढंच लिहायला हवं होतं: नवीन काम निघालं तर सुरू करण्याआधी माल कोणता, दर काय आणि उक्तं की रोजाने, हे त्याच पानामागे लिहून दोघांनी सही करायची. काकांसारखी माणसं तोंडी शब्दावर आयुष्य काढलेली असतात, त्यांना सही मागणं अविश्वासाचं वाटतं. म्हणून हे पहिल्या दिवशी, कोणाचं मन दुखायच्या आधी सांगावं.

शेवटचा प्रश्न राखून ठेवलेल्या रकमेचा. मुलाचं म्हणणं होतं की शेवटचा हप्ता पुढच्या पावसाळ्यापर्यंत अडकवायला हवा होता, म्हणजे माळ्याच्या झडपा फुकट बदलून मिळाल्या असत्या. मला हे मान्य नाही. हजेरीवर जगणाऱ्या माणसाची मजुरी आठ-नऊ महिने अडवून ठेवणं योग्य नाही, आणि तसं केल्यास चांगला सुतार पुन्हा त्या घरी येणार नाही. त्याऐवजी कामाच्या वेळीच पुढच्या पावसाळ्यातल्या एका फेरीचे पैसे ठरवता येतात. या घराने ते नंतर केलं. सुतार ऑगस्टमध्ये ₹१,००० मजुरीवर आला, बिजागऱ्यांचे स्क्रू फिरवून झडपा समान केल्या, दाराची तळाची कड पुन्हा पाहिली. माळ्याच्या झडपा ब्लॉकबोर्डच्या, दोन्ही अंगांना सनमायका लावून नव्या करायच्या ठरल्या: माल घरचा, मजुरी निम्मी. गणपतीहून परत आल्यावर दोन दिवसांत करून देतो म्हणाला, आणि या वेळी सुनेने ते त्याच्यासमोर लिहून घेतलं.